बहुमताला बेडी नेमकी कोण घालतं?

“संविधानवाद म्हणजे न निवडलेल्या न्यायाधीशांची हुकमत. लोकांनी बहुमत दिल्यावर सरकारला अडवायचं कशाला? आणि मेलेल्या पिढ्यांनी लिहिलेला कागद जिवंतांनी का पाळावा?” हा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. संविधानवाद म्हणजे सरकारच्या सत्तेला संविधानाची मर्यादा असावी, हा विचार. त्यातले तिन्ही मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत.

पहिला तर माहितीतच चुकतो. ब्रिटनच्या १९९८ च्या मानवाधिकार कायद्यानुसार, संसदेचा एखादा कायदा हक्कांशी विसंगत आहे एवढंच न्यायालय जाहीर करू शकतं. कायदा लागूच राहतो. बदलायचा की नाही, ते संसद ठरवते. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं कलम ३३ तर कायदेमंडळाला काही हक्क बाजूला सारू देतं. अट एवढीच की तसं कायद्यात उघड लिहायचं, आणि पाच वर्षांनी ती मुभा संपते. पुन्हा हवी असेल तर पुन्हा जाहीर करा. तोवर एक निवडणूक होऊन गेलेली असते, हे त्यातलं मर्म.

दुसरा मुद्दा कानाला सर्वांत गोड, आणि घातकही तोच. हंगेरी पाहा. २०१० मध्ये तिथल्या फिदेस पक्षाच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मतं मिळाली, जागा मात्र दोन-तृतीयांश. त्या बळावर तिने २०११ मध्ये नवं संविधान मंजूर केलं, संविधान न्यायालयाचे अधिकार छाटले, निवडणूक कायदाही बदलला. २०१४ मध्ये मतं ४५ टक्क्यांवर घसरली, तरी जागा पुन्हा दोन-तृतीयांश! मग बेडी कुणी कुणाला घातली? संविधानाचीच हत्यारं वापरून लोकशाही पोखरण्याच्या या प्रकारावर कायद्याचे अभ्यासक डेव्हिड लँडाऊ यांनी २०१३ मध्ये सविस्तर लिहिलं. आजच्या बहुमताने उद्याच्या बहुमताची वाट अडवू नये, यासाठीच तर मर्यादा असतात.

तिसऱ्यात दम आहे, हे मान्य. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी जेफरसननेही १७८९ मध्ये आपला सहकारी मॅडिसनला लिहिलं होतं की पृथ्वी जिवंतांची आहे, संविधान १९ वर्षांनी आपोआप संपावं. गंमत म्हणजे, एल्किन्स, गिन्सबर्ग आणि मेल्टन या अभ्यासकांनी १७८९ पासूनच्या संविधानांचा हिशेब मांडला, तेव्हा एका संविधानाचं सरासरी आयुष्य साधारण तेवढंच निघालं. इक्वेडोरने २००८ मध्ये सार्वमताने नवं संविधान स्वीकारलं, त्यात निसर्गालाही हक्क दिले. चिलीत उलट झालं. २०२२ चा मसुदा सुमारे ६२ टक्के मतदारांनी फेटाळला, २०२३ चा दुसराही पडला. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या काळातलं १९८० चं संविधान, पुष्कळ दुरुस्त्यांनंतर का होईना, तिथे टिकलं, तेही जिवंतांना दोनदा विचारून.