अनायरा म्हणजे नक्की काय?

परवा एका बारशाला गेले होते. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव जाहीर झालं 'अनायरा', आणि घुगऱ्या खाता खाता शेजारच्या आजींनी मला हळूच विचारलं, "अर्थ काय गं याचा?" बाळाच्या बाबांनी लगेच मोबाइल काढला. एक साइट म्हणाली आनंद, दुसरी म्हणाली बर्फ, तिसरीने तर नाव थेट संस्कृत करून टाकलं. या साइटींना कुठलंही नाव द्या, संस्कृतात बसवून देतात!

बर्फ अगदीच चूक नाही. वेल्श भाषेत 'एइरा' म्हणजे बर्फ. पण मला माहीत असलेल्या अनायराचा बर्फाशी संबंध नाही. ५ जुलै १९४८, रात्रीचे बारा वाजून एक मिनिट. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, त्याच मध्यरात्री सुरू झालेली. वेल्समध्ये अनायरा थॉमस जन्मली, या सेवेतलं पहिलं बाळ. नाव ठेवलं आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांच्यावरून.

हा बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचा मुलगा. तेराव्या वर्षी शाळा सुटली, खाणीत उतरला. बोलताना अडखळायचा, तरी पुढे संसद गाजवली. वडील कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले. ट्रेडेगरचे कामगार पगारातून थोडे पैसे एका मंडळात भरायचे आणि त्यातून घरच्यांना डॉक्टर मिळायचा. हीच गावची सोय त्याने अख्ख्या देशाला करून दिली. आडनावही गंमतशीर: बेव्हन म्हणजे 'अब एव्हन', एव्हनचा मुलगा. आपण बापाचं नाव मध्ये लावतो, त्यांनी आडनावातच मुरवलं.

आणि अनायरिन? सहाव्या शतकातल्या एका वेल्श कवीचं नाव, लढाईत पडलेल्या वीरांवर काव्य रचणारा. त्याचं मूळ नक्की ठाऊक नाही; काही जण ते एका लॅटिन नावावरून आल्याचं मानतात, म्हणजे मानाशी नातं. पुढे लोकांना त्यात 'आउर', म्हणजे सोनं, दिसलं. व्युत्पत्तीत सोनं शोधायची हौस तिकडेही आहेच.

एवढं सगळं आजींना कुठे सांगणार? म्हटलं, "चष्म्याचे आणि कवळीचे पैसे लोकांकडून घ्यायचं ठरलं म्हणून १९५१ साली एका मंत्र्याने राजीनामा दिला होता. त्याच्यावरून पडलेलं नाव आहे."

आजींनी नाकावर घसरलेला चष्मा वर केला. "मग बरंय की," म्हणाल्या, आणि घुगऱ्यांची वाटी पुढे सरकवली.