रॅम वाढवली तरी सर्व्हर रांगतोच (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ईएसएक्सआयवर (एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) व्हीएमची मेमरी लिमिट, म्हणजे त्याला खरी रॅम जास्तीत जास्त किती मिळेल ती मर्यादा, 'अनलिमिटेड'च ठेवा, या माझ्या सल्ल्याला तुम्ही बेजबाबदार म्हटलंत. एखादं व्हीएम सुटलं तर होस्टची, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरची, सगळी रॅम गिळेल, म्हणून तुम्ही प्रत्येकाला रॅमइतकीच लिमिट घालता.

व्हीएम चालवण्याचा थोडा ओव्हरहेड (वरखर्च) सोडला तर गिळणार नाही. 12 जीबी दिलेलं गेस्ट (व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम) 12च्या वर जाऊच शकत नाही. लिमिट हे त्याच्या आतलं दुसरं कुंपण, आणि गेस्टला त्याचा पत्ताच नसतो. कुंपण ओलांडायची वेळ आली की बलून ड्रायव्हर (गेस्टमध्ये बसवलेला व्हीएमवेअरचा छोटा प्रोग्रॅम) गेस्टच्याच पोटातली मेमरी काढून घेतो, तेवढ्यानं भागलं नाही तर हायपरव्हायझर (इथे ईएसएक्सआयच) रॅममधला मजकूर हळू चालणाऱ्या डिस्कवर टाकतो, म्हणजे स्वॅप करतो. होस्टवर ढीगभर रॅम मोकळी असली तरी!

हे मी महापेला एका क्लायंटकडे भोगलंय. अकाउंट्सचा सर्व्हर रखडत होता, म्हणून 4 जीबीची 12 केली. फरक शून्य. टास्क मॅनेजर अकराच्या आसपास वापर दाखवतोय आणि सगळ्या प्रोसेसची बेरीज जेमतेम तीन! मधले आठ गेले कुठे? अँटिव्हायरसला शिव्या घालून झाल्या. शेवटी एडिट सेटिंग्जमध्ये मेमरीपुढचा बाण उघडला, तर लिमिट 4096 एमबी, म्हणजे जुने 4 जीबीच. ज्यावरून व्हीएमच्या प्रती काढतो त्या टेम्प्लेटमध्ये राहून गेलेली, आणि टेम्प्लेट बनवणारा मीच. रॅम वाढवली म्हणून लिमिट आपोआप वाढत नाही. अनलिमिटेड केलं आणि रीस्टार्ट न करता बलून उतरायला लागला, म्हणजे त्यानं अडवलेली ती मधली मेमरी सुटू लागली. स्वॅपमध्ये गेलेलं मात्र गेस्टनं मागितल्याशिवाय परत येत नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास सगळं अडखळतच होतं. घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकल अर्थातच गेली.

तुमची रॅमइतकी लिमिट आज निरुपद्रवी आहे. उद्या कोणी रॅम वाढवेल तेव्हा ती चावेल.

एक मात्र तुमचं बरोबर. होस्टवर ऐपतीपेक्षा जास्त व्हीएम चढवली असतील तर ओढाताण होणारच, आणि त्याबद्दल मी लिहायला हवं होतं. पण तिथे शेअर्स (ओढाताणीत कोणाला किती वाटा ते) वापरा, आणि डेटाबेस किंवा जावावाल्या व्हीएमला रिझर्व्हेशन (हमखास राखून ठेवलेली रॅम) द्या. कमी मेमरीत अ‍ॅप्लिकेशन कसं वागतं हे टेस्टिंगला बघायचं असेल, तर लिमिट खुशाल लावा.

पॉवरसीएलआयमधून (व्हीएमवेअरचं कमांड लिहून चालवायचं साधन) मेमरी लिमिट -1 नसलेली व्हीएम काढा. -1 म्हणजे अनलिमिटेड. त्यातल्या किती जणांची रॅम मागाहून वाढवली होती, ते इथेच कळवा.