वरचं कितलं उनं?

मी चालायला सुरुवात करते असं घरात नुसतं बोलले, तर चालणं राहिलं बाजूला आणि मोजामोजीच सुरू झाली. नवरा म्हणे पहिले बीपी बघ, नणंद फोनवर म्हणे वहिनी शुगर करून घे, पोरगी म्हणे मम्मी तुझा बीएमआय किती, आणि माझे दीर, जे तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आले की दोन मिनिटं एक शब्द बोलू शकत नाहीत, ते धापा टाकत म्हणे घड्याळ घ्या घड्याळ, त्यात सगळंच येतं. बूट अजून खोक्यातच होते.

बीपीचं मशीन ऑनलाइन आलं. आलं त्या दिवशी मी बाजारातून दोन हातात दोन पिशव्या घेऊन जिना चढून आलेली, नवऱ्याने चहा दिला (हे दुर्मिळ आहे, नोंद घ्यावी), चहा पिता पिता फोनवर पोरीच्या रिक्षावाल्याशी भांडण चालू, आणि तेवढ्यात यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधून बटण दाबलंसुद्धा. 148/92. यांचा चेहरा असा पडला की कापसाचा भाव पडल्यावरही इतका पडत नाही. अर्ध्या तासात सगळ्या नातेवाइकांना कळलं. नणंदेने पापड बंद केले, शेजारच्या काकूंनी दुधीचा रस सुचवला, कोणीतरी लसणाची पाकळी सांगितली, आणि सासूबाई गॅलरीतून विचारतायत, "कितलं उनं वं? वरचं कितलं उनं?"

म्हणजे वरचं किती आलं. सासूबाई अमळनेरकडच्या, जळगावात येऊन चाळीसेक वर्षं झाली पण अहिराणी सुटली नाही, आणि त्यांना फक्त वरच्या आकड्यात रस, खालचा त्यांच्या हिशोबी मोड.

आता मी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये अकाउंटला आहे, बारीक अक्षरातलं वाचायची मला सवय आहे, म्हणून मशीनबरोबर आलेलं पुस्तक घरात फक्त मीच वाचलं. त्यात लिहिलेलं होतं की अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू काही नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकायचे नाहीत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा कपड्यावरून नाही तर उघड्या दंडावर, आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मोजताना बोलायचं नाही. म्हणजे मी जे जे करत होते ते सगळं यादीत, आणि रिक्षावाल्याशी भांडू नका एवढंच काय ते लिहायचं राहिलं होतं. पण खरी अडचण ती पाच मिनिटं. आमच्या घरात पाच मिनिटं कोणी गप्प बसलं की लोकांना वाटतं हिला काहीतरी झालं. मी खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटून बसले तर पोरगी येऊन हलवून गेली, सासूबाईंनी पाणी पाठवलं, यांनी विचारलं रागावली का. शेवटी दार लावून बसले तेव्हा आलं 128/82. एक मिनिटाने परत घेतलं, 126/80.

आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, म्हणे ताई, एका आकड्यावर कोणाला बीपीचा पेशंट करत नाहीत, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा घ्या, लिहून ठेवा, मग सरासरी बघू. दवाखान्यात 140/90 च्या पुढे परत परत यायला लागलं तर बोलायचं, घरी निवांत मोजलेलं असेल तर 135/85 धरायचं. कारण दवाखान्यात डॉक्टर समोर दिसला की बऱ्याच जणांचं आपोआप वाढतं. मी म्हटलं माझं घरीच वाढतं, दवाखान्यात तेवढी शांतता असते.

दिरांची गंमत वेगळी. त्यांचा दंड म्हणजे दंड, लहानपणी तालीम केलेली, पट्टा ओढून ओढून कसाबसा लागला आणि आकडा आला 162. भाऊंनी त्या रात्री शेवभाजीला हात लावला नाही. खान्देशात माणसाने शेवभाजीला हात लावला नाही म्हणजे विचार करा. नंतर कळलं की पट्टा दंडाला लहान पडला की आकडा उगाच जास्त दाखवतो. मोठा पट्टा मागवला, आकडा बराच खाली आला, आणि राहिलेली शेवभाजी त्यांनी दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल केली.

बीपी म्हटलं की सगळे 120/80 म्हणतात, पण या 120 आणि 80 चा अर्थ काय, हे मला कोणीच सांगेना. मग मीच शोधलं. वरचा म्हणजे हृदय दाबून रक्त पुढे ढकलतं तेव्हाचा जोर, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे ते सैल पडतं तेव्हाचा, आणि हे मोजायचं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. दंडाचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची नावाच्या डॉक्टरने 1896 मध्ये काढला, 1905 मध्ये कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचं-खालचं दोन्ही सांगायची रीत शोधली. त्याच्याही आधी इंग्लंडातले एक पाद्री, स्टीफन हेल्स, त्यांनी घोडीच्या धमनीत सरळ काचेची उभी नळी बसवली आणि रक्त आठ फुटांच्या वर चढलं, ते त्यांनी 1733 मध्ये छापलं. हे वाचल्यावर मी कॅल्क्युलेटर घेतला (सवय). पारा रक्तापेक्षा साधारण तेरापट जड, म्हणजे 120 मिलिमीटर पारा म्हणजे दीड मीटरच्या थोडं वर रक्त. माझी उंची 155 सेंटिमीटर. म्हणजे माझं हृदय दर ठोक्याला माझ्याएवढा रक्ताचा खांब उभा करतंय आणि मी मात्र सकाळी उठून उभी राहायला कुरकुर करते! हे मी यांना सांगितलं तर हे म्हणे, भरीत कधी करणार आहेस?

बीएमआयने, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याने, तर वेगळाच अपमान केला. वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये गुणिले उंची. माझं 62, उत्तर 25.8. हे गणित मुळात क्वेटले नावाच्या बेल्जियन माणसाचं, 1830 च्या दशकातलं, आणि तो डॉक्टर नव्हता, आकडेवारीवाला होता, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते बघायचं होतं, कोणाचं पोट मोजायचं नव्हतं. आता यात मेख अशी की 25 ते 30 म्हणजे जागतिक तक्त्यात नुसतं वजन जास्त, पण आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर आणि हृदयाचे त्रास सुरू होतात म्हणून आपल्याकडे 23 ला जास्त वजन आणि 25 ला लठ्ठ. म्हणजे मी युरोपात जरा भरलेली आणि जळगावात लठ्ठ. मी उलटं गणित करून पाहिलं, वजन आहे तेच ठेवून उंची फक्त एक इंच वाढली तरी मी लठ्ठातून बाहेर. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो मार्ग बंद आहे असं डॉक्टर म्हणतात.

कंबर मोजणं त्यातल्या त्यात प्रामाणिक. बाईची 80 सेंटिमीटर, पुरुषाची 90, त्याच्या वर गेली की पोटातली चरबी वाढली समजायचं. हे म्हणे माझी तर चौतीस इंच, पँटवर लिहिलंय. पँट पोटाच्या खाली बांधतात हो हे! शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला, शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धरला, यांनी श्वास ओढून धरला, मी पण टेप धरून उभी राहिले, श्वास किती वेळ धरणार माणूस? सोडला. एकोणचाळीस. "टेप जुना आहे, आटला असेल."

घड्याळाची वेगळी कथा. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणून ते मनगटाला गुरगुर करायचं. हा दहा हजार आकडा काही डॉक्टरांनी अभ्यास करून काढलेला नाही, 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याच्या नावातून तो निघाला आणि जगभर पसरला. मी मेहरूण तलावावर जायला लागले, मे महिन्यात जायचं तर पाच-सव्वापाचलाच, सातनंतर जळगावचं ऊन माणसाला उभं भाजतं, आणि गर्मीत तेवढ्याच चालण्याला नाडी जास्त पळते हेही त्या घड्याळानेच दाखवलं. पण तलावापेक्षा जास्त भरवसा मला परातीचा वाटतो. कळण्याची भाकरी थापायला बसले, हात एका लयीत थपथप, एका बाजूने फिरवत, कडेने दाबत, आणि भाकरी तव्यावर टाकून बघते तर पावलं वाढलेली! मनगट हललं की त्याला वाटतं बाई चालली. पाहुणे आले त्या रविवारी मी ओट्यापासून हलले नाही आणि घड्याळाने संध्याकाळी फटाके फोडून अभिनंदन केलं. उलट भाजीची पिशवी हातात धरून खरोखर चालले तर हात हलत नाही म्हणून निम्मी पावलं गायब. पिशवी धरलेल्या बाईचं चालणं कोणी मोजत नाही, हे काही नवीन नाही म्हणा.

किती जोरात चालायचं याचं घड्याळातलं गणित असं की नाडीचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके 220 वजा वय, म्हणजे माझे 176, आणि चालताना त्याच्या पन्नास ते सत्तर टक्के. सोपी खूण अशी की बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये. आमच्या तलावावरच्या बायका एवढं बोलतात की त्यांचा व्यायाम कायम बरोबरच बसतो.

मग लॅबचा कागद. उपाशीपोटी शुगर 106, 100 पर्यंत ठीक, 126 ला डायबेटिस, आणि मी मधल्या वेटिंग लिस्टवर. आमच्या घरात तपासणीच्या आधी दोन दिवस काकडी-टोमॅटो खायची जुनी पद्धत आहे, यांनी दरवर्षी तसंच करून रिपोर्ट चांगला आणला आणि लॅबमधून बाहेर पडल्या पडल्या कचोरी खाल्ली. पण यावेळी डॉक्टरांनी एचबीएवनसी लिहून दिली. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, तेवढे दिवस त्यांना साखर चिकटत जाते, आणि ही तपासणी ती चिकटलेली साखर मोजते. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खापरावरचे मांडे आणि वाटीवर वाटी आमरस, नंतर दोन लग्नं, सगळं कागदावर. माझं 5.9, 5.7 च्या वर आणि 6.5 च्या खाली, म्हणजे तिथेही वेटिंग. यांचं मी सांगत नाही, ते वाचतात हे. त्यांनी एवढंच विचारलं, "काकडीचं काहीच धरलं नाही का यांनी?"

या सगळ्यात सासूबाई हात पुढे करायला तयार नव्हत्या. "माले काय व्हयेल शे?" डोकं दुखत नाही, चक्कर नाही, रोज पाटा-वरवंटा चालतो. एका सकाळी पोरीने लाडीगोडी लावून बसवलं. 172/94. "मशीन बिघडेल शे." परत घेतलं, दुसऱ्या दिवशी घेतलं, तिसऱ्या दिवशी घेतलं, मशीन बिघडलेलंच राहिलं. डॉक्टर म्हणे बीपी असंच असतं, बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून तर मोजावं लागतं. गोळी सुरू झाली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, महिन्याभरात आकडा 140 च्या आत आला.

तेव्हापासून मशीन त्यांच्या ताब्यात. भांडीवाली, पोस्टमन, यांचे मित्र, कोणाला सोडत नाहीत. मागच्या आठवड्यात दूधवाल्याला धरलं. "ये रे भाऊ, बठ आठे. पाय खाले ठेव. पाच मिनिट गुपचूप बठ." तो म्हणे आजी, गिऱ्हाईक वाट पाही राहिनं. "बोलू नको! वाढी जाई!" आणि आकडा लिहायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी दुधाची वही घेतली. काल मी महिन्याचा हिशोब करायला बसले तर एका तारखेला लिटरच्या रकान्यात 132. दूधवाल्याला दाखवलं, त्याने नीट बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणे, "वहिनी, एवढं दूध मी काही घातलेलं नाही, पण तुम्ही पैसे देत असाल तर आजीच्या वहीला मी खोटं कसं म्हणू?"