टाकीतले वीस हजार लिटर

सोसायटीच्या फळ्यावर परवा नोटीस लागली. ‘सी विंगमधील एका सभासदाने बसविलेल्या यंत्रानुसार रोज पहाटे खालच्या टाकीतून अंदाजे २०,००० लिटर पाणी गायब होत आहे. सदर सभासदाने लेखी खुलासा करावा.’ सदर सभासद म्हणजे मी. यंत्र माझं, खर्च माझा, आता खुलासाही माझाच.

यंत्र साधंच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला, पाण्याची पातळी मोजणारा आणि भिजला तरी चालणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या झाकणाखाली, झाकणाबाहेर डबीत ईएसपी३२ ही वाय-फायवाली चिप, घरात रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक. आकडे एमक्यूटीटीवरून, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना निरोप धाडायच्या पद्धतीने येतात, इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये साठतात आणि ग्राफाना हे सॉफ्टवेअर त्यांचा आलेख काढतं. हे एमक्यूटीटी १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला जन्माला आलं. आमच्याकडे येऊन ते तळमजल्यावरच्या काकांच्या तावडीत सापडलं.

काका बँकेतून निवृत्त. “चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत घरी गेलो नाही कधी,” हे ते नमस्काराच्या जागी म्हणतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणांचा साठा त्यांना रोज पाठ असतो. मी हौसेने आलेखाची लिंक ग्रुपवर टाकली, तर यांचा पहिला प्रश्न, “हे टीएमसीमध्ये दिसत नाही का रे?” एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. आमची टाकी २४,००० लिटरची. दशांशचिन्हानंतरची शून्यं मोजण्यात त्यांचा एक दिवस बरा गेला.

मग तापमान. पाण्याचं तापमान मोजणारा डीएस१८बी२० हा दुसरा सेन्सर वीज जाऊन आली की पहिल्या वाचनाला कधी कधी ८५ अंश दाखवतो. त्याची खोडच आहे ती. काकांचा फोन : “टाकीत ८५ अंशाचं पाणी आहे, आणि आपण गीझर कशाला लावतोय?”

आता नोटिशीकडे. सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. बोलणारी आणि ऐकणारी चकती एकच. स्वतःचा आवाज थांबेपर्यंत तिला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, आमच्या कमिटीसारखंच. त्यामुळे वीसेक सेंटिमीटरच्या आतलं तिला कळत नाही. पहाटे महापालिकेचं पाणी येऊन टाकी काठोकाठ भरली की ती वाट्टेल ते आकडे फेकते. आलेखात टाकी चारला भरलेली, चार-दहाला कोरडी, सव्वाचारला पुन्हा भरलेली.

“दहा मिनिटांत गेलं कुठे पाणी?”

“काका, गेलंच नाही.”

“मग आलं कुठून?”

“आलंही नाही. सेन्सरला दिसत नाही तेवढा वेळ.”

“म्हणजे पाणी आहे, पण नोंद नाही.” काकांनी चष्मा काढला. “याला आमच्याकडे अफरातफर म्हणायचे.”

बी विंगमध्ये पहाटे गाडी धुणारा एक जण आहे, त्याच्यावर सध्या संशय आहे. एका गाडीला २०,००० लिटर!

खरा फरक वेगळाच आहे आणि तो मी आधीच दाखवला होता. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने, की आमच्याकडे रात्री टँकर येतो. पावती १०,००० लिटरची. टाकीचा तळ बारा चौरस मीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला १२० लिटर. पाणी ८३ सेंटिमीटर चढायला हवं. चढतं ७०. टाकी तेव्हा निम्मीसुद्धा नसते, सेन्सर शहाण्यासारखा वागत असतो, रात्री पंपही बंद. दर खेपेला १,६०० लिटरचे पैसे आम्ही हवेला देतो. यावर कमिटीने काय केलं? काही नाही. “टँकरवाला नाराज झाला तर उन्हाळ्यात कोण येणार?” असं म्हणाले कोण, तर चार आणे शोधणारे काका!

मग मीच काल रात्री खाली उतरून टँकरच्या ड्रायव्हरला फोनवर आलेख दाखवला. त्याने तो अंगठ्याने वर-खाली केला, परत दिला. “साहेब, थंडी आहे. पाणी आकसतं.”

काका स्वेटर घालून पावतीवर सही करत होते. त्यांनी मान डोलावली.

मी म्हटलं, “काका, तीस अंशाचं पाणी वीसवर आलं तरी दहा हजार लिटरमागे पंचवीसेक लिटरच कमी होतं.”

“बघ, होतं ना?” काका म्हणाले. “खुलाशात पंचवीस वजा करून दाखव.”