टांझानियाच्या बालवर्गात शिकवायला जाताय? आधी स्वाहिली शिका

टांझानियात अरुशा किंवा मोशीला (किलिमांजारोच्या पायथ्याचं मोशी, पिंपरीजवळचं नाही) काही महिने लहान मुलांना शिकवायला जायचं ठरवलेल्यांसाठी ही पोस्ट. लसी, विमान, कपडे, मुलांसाठी रंगपेट्या असं सगळं तयारीच्या यादीत असतं, भाषा मात्र नसते. ‘तिथे इंग्रजी चालतं’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते हॉटेलात चालतं. पाच वर्षांच्या पोराला शू लागली, पोटात दुखतंय, शेजारच्याने पेन्सिल घेतली, हे सगळं ते स्वाहिलीतच सांगणार. ते ज्याला कळत नाही, त्याच्या हाती वर्ग देणं मला मुलांवर अन्याय वाटतो.

सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली आहे, इंग्रजी माध्यम येतं ते माध्यमिकला. खासगी इंग्रजी बालवाड्या खूप आहेत आणि स्वयंसेवक बहुतेक तिथेच जातात, पण तिथल्या मुलांच्याही घरी स्वाहिली, चग्गा नाहीतर मसाई भाषाच असते.

आपल्या लोकांना ही भाषा जड नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर अरबी-फारसी शब्द उतरले, त्यामुळे निम्मा वर्ग ओळखीचा निघतो. सवाल म्हणजे ‘स्वाली’, जवाब म्हणजे ‘जिबू’, हिशेब म्हणजे ‘हेसाबू’, रंग ‘रांगी’, साबण ‘साबुनी’, दुकान ‘दुका’. गाडीला म्हणतात ‘गारी’, हा शब्द तर भारतातूनच तिकडे गेला. तयार आहात का, हे विचारायला ‘तायारी?’ पुरतं. कारणाला ‘सबाबू’ म्हणतात, आपली सबबच ती. ‘साहिही’ म्हणजे बरोबर आणि सहीसुद्धा, अगदी मराठीसारखं. बाकाला ‘दावाती’ म्हणतात, तिच्यात आपली दौत आहे. स्वरही आपलेच: आ, ए, इ, ओ, उ. लिहिलंय तसं वाचायचं.

फसगत होते ती नात्यांच्या शब्दांत. ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘बाबू’ म्हणजे आजोबा. शाळेतल्या तरुण शिपायाला आपुलकीने दादा म्हणाल, तर तो बिचारा बघत राहील.

निघण्याआधी तीनेकशे शब्द आणि वर्गातल्या आज्ञा पाठ हव्यात. एकाला ‘का’ (बस), सगळ्यांना ‘काएनी’ (बसा). ‘सिमामा’ म्हणजे ऊठ, ‘सिमामेनी’ म्हणजे उठा. ‘सिकिलिझेनी’ ऐका, ‘अंदिकेनी’ लिहा, ‘सोमेनी’ वाचा. शेवटी ‘एनी’ लावलं की अनेकवचन झालं. शाबासकीला ‘विझुरी साना’. आणि ‘पोले’ हा शब्द विसरू नका. मूल पडलं, रडलं, दमलं, की पोले म्हणायचं. चूक आपली नसली तरी म्हणायचं. हा कबुलीजबाब नसतो, तुझ्या दुःखात मी आहे एवढंच त्यात असतं. पडलेल्या मुलाजवळ गप्प उभा राहणारा शिक्षक तिथे कोरडा ठरतो.

सकाळी मुलं ‘शिकामो’ म्हणतील. मोठ्यांना करायचा हा नमस्कार, मुळात ‘तुमचे पाय धरतो’ या अर्थाचा. उत्तर एकच, ‘मराहाबा’. हसून ‘हॅलो’ म्हणणं म्हणजे पाया पडलेल्याला आशीर्वाद न देणं. तुमच्याहून वयाने मोठ्या शिक्षिकेला शिकामो तुम्हीच म्हणायचं, आणि पहिल्या दिवसापासून.

आता घड्याळ. स्वाहिली तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. सोपी युक्ती अशी की घड्याळात तासकाटा जिथे आहे त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा वाचायचा. गोंधळ होतो तो सहकारी शिक्षक इंग्रजीत बोलताना हाच हिशेब वापरतात तेव्हा. ‘उद्या तीनला बैठक’ म्हणजे सकाळी नऊ. दुपारी तीनला पोचाल तेव्हा बैठक सुरू होऊन सहा तास झालेले असतील. म्हणून दर वेळी ‘असुबुही’ (सकाळ), ‘म्चाना’ (दिवसा) की ‘जिओनी’ (संध्याकाळ) हे विचारून घ्या.

वर्गात इंग्रजी शिकवताना घोटाळा कुठे होतो, ते नीट समजून घ्या. स्वाहिलीत ‘ए’ हा उच्चार ज्या अक्षराचा, ते इंग्रजी वर्णमालेतलं पाचवं अक्षर, ज्याला आपण ‘ई’ म्हणतो. तुम्ही फळ्यासमोर पहिलं अक्षर म्हणून ‘ए’ म्हणता आणि मूल पाचवं लिहितं. तुम्ही ‘ई’ म्हणता, मूल ‘आय’ लिहितं. मुलाचा कान बरोबर आहे, त्याने आपल्या भाषेतलं अक्षर अचूक लिहिलंय. अशा वेळी वहीवर लाल फुली मारलीत तर आधी शिकलेलं वाचनही डळमळतं. म्हणून अक्षरांची नावं मागे ठेवा. पहिले काही आठवडे फक्त कानाने ऐकायचे शब्द, वस्तू हातात धरून. दुसरं म्हणजे स्वाहिली शब्द स्वरानेच संपतो, त्यामुळे ‘पेनी’, ‘बेगी’, ‘शाती’ ऐकू येईल. हे बिघडलेलं इंग्रजी नाही, हे पक्के स्वाहिली शब्द आहेत. शाळेला ते ‘शुले’ म्हणतात, तो तर जर्मन राजवटीच्या काळातला शब्द. ‘पेनी’ला हसू नका, त्याच्या शेजारी ‘पेन’ ठेवा.

साहित्य इथून नेऊ नका. साठ मुलांच्या वर्गात वीस रंगपेट्या म्हणजे रोजचं भांडण. मोजणीसाठी सोड्याच्या बाटल्यांची बुचं सगळ्यात उत्तम, दुकानदार पिशवीभर देतात. प्रत्येकी दहा म्हणजे सहाशे लागतील. साबणाच्या पाण्यात धुऊन घ्या, हातोडीने कडा आत ठोका, नाहीतर बोटं कापतात. दहा-दहाच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या करा, आणि तास संपला की प्रत्येकाने दहा मोजूनच परत द्यायची. तोही गणिताचाच पाठ. स्वाहिलीत अकरा म्हणजे ‘कुमी ना मोजा’, दहा आणि एक, त्यामुळे पुरचुंडी आणि वर एक बूच ठेवलं की संख्या डोळ्यांना दिसते. आपल्या एकोणतीस-एकोणचाळीसचा त्रास त्या मुलांना नाही. तक्त्यांसाठी धान्याचं पांढरं पोतं उसवा, धुवा, जाड मार्करने लिहा. पुठ्ठा पावसाळ्यात लोळागोळा होतो, पोतं गुंडाळून खांद्यावर टाकता येतं.

छडीचा प्रश्न येणारच. आपल्याकडे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, तिथे कायद्याने अजून ती मुभा ठेवली आहे. तुम्ही मारू नका, कुणी सांगितलं तरी. पण मुलांसमोर छडी उगारणाऱ्या शिक्षिकेशी वाद घालू नका. तुम्ही काही महिन्यांनी जाल, साठ मुलं एकटीने सांभाळणार ती. बुचांचा पाठ तिच्याबरोबर घ्या, गुंतलेल्या वर्गात छडीची वेळ कमी येते.

बाकीचं थोडक्यात. पर्यटक व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे, स्वयंसेवकांसाठी ‘क’ वर्गाचा निवास परवाना असतो. शाळा ‘बघू नंतर’ म्हणाली तर तिकीट काढू नका. केनिया-इथिओपियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणी रोज खोचा, आणि परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तरी रक्त तपासताना टांझानियाहून आल्याचं सांगा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2019पासून बंदी आहे, बॅगेत कापडी न्या. शाकाहारी असाल तर ‘न्यामा’ (मांस) खात नाही एवढ्याने भागत नाही, कोंबडी आणि मासे वेगळे धरतात. ‘कुकू’ आणि ‘समाकी’ही नको, हे सांगा. राजम्यासारखी ‘महारागे’ आणि माठासारखी ‘म्चिचा’ची भाजी रोज मिळते. मुलांना मधल्या सुट्टीत ‘उजी’ मिळते, कधी मक्याची, कधी नाचणीची. आपली आंबीलच, फक्त गोड. ती यायच्या आधीच्या अर्ध्या तासात अवघड काही शिकवू नका, पोटं रिकामी असतात.

शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, जूनमध्ये सुट्टी असते. जायचंच तर जानेवारीत जा आणि सुट्टी लागेपर्यंत राहा. पहिले पंधरा दिवस मागच्या बाकावर बसा, मुलांची नावं पाठ करा, शिक्षिकेचं ऐका. तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, लहान मुलांचा वर्ग मागू नका. त्या वयात लळा आठवडाभरात लागतो. त्यापेक्षा पोती उसवून शिक्षिकेला वर्षभर पुरतील एवढे तक्ते करून द्या. आणि निघण्याआधी मुलांना त्यांच्या भाषेत सांगा की मी जातोय, अमुक दिवशी.