कोकचा कॅन ठेवणारा पकडला गेला, बाकीच्यांचं काय?

मार्च २०२५ मध्ये एक अमेरिकन तरुण रबरी बोटीतून अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर उतरला. बाहेरच्या जगापासून अलिप्त राहणाऱ्या सेंटिनेली जमातीचं हे बेट. शिट्टी वाजवली, किनाऱ्यावर एक नारळ आणि कोकचा कॅन ठेवला, व्हिडिओ काढला आणि परत फिरला. पोर्ट ब्लेअरला त्याला अटक झाली. झालं ते योग्यच. १९५६ चा आदिम जमाती संरक्षणाचा नियम त्यासाठीच आहे. पण या बातमीखालच्या कमेंट वाचून डोकं फिरलं. "एकविसाव्या शतकात या आदिवासींना असं ठेवणं हा अन्यायच", "सरकारने त्यांना मुख्य प्रवाहात आणावं" वगैरे.

मुख्य प्रवाहाची चव त्या लोकांनी घेतलेली आहे हो. १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळे आजारी पडले, दोघं म्हातारे मेले, मग मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. सोबत कोणते रोग गेले कोण जाणे. पुढे जानेवारी १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय ज्या पथकात होत्या, त्या पथकाकडून याच लोकांनी कमरेएवढ्या पाण्यात येऊन नारळ घेतले. म्हणजे दिसेल त्याला बाण मारणारी ही माणसं नव्हेत. कधी घ्यायचं आणि कधी "आता निघा" म्हणायचं, हे ते ठरवतात. २००४ च्या त्सुनामीनंतर विचारपूस करायला गेलेल्या हेलिकॉप्टरवर एकाने धनुष्य रोखलं. यापेक्षा स्पष्ट उत्तर काय हवं?

त्यांच्या नशिबाने मध्ये समुद्र आहे. अंदमानातली दुसरी आदिम जमात म्हणजे जारवा, त्यांच्या मधून आपण रस्ता काढलाय.

आपल्याकडे अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, आणि मग "बाराटांग केलं की नाही?" पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते. फोटो काढू नका, काचा खाली करू नका, खायला देऊ नका, अशा सूचना होतात आणि ताफा जारवांच्या राखीव जंगलातून सुटतो. जायचं असतं चुनखडीच्या गुहा बघायला, पण गाडीत सगळे काचेला नाक लावून बसलेले असतात. परत आल्यावर सांगतात काय, तर "आम्हाला दोन दिसले!" वाघ दिसल्यासारखं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला. रस्ता चालूच आहे. सहलीच्या कार्यक्रमातून बाराटांग काढायला सांगा, एवढं तर आपल्या हातात आहे. गुहा नाही बघितल्या तर काही बिघडत नाही.

याला कुणी भाबडेपणा म्हणेल. अंदमानातल्याच ग्रेट अंदमानी जमातींचं काय झालं ते बघा. १८५८ मध्ये इंग्रजांची वसाहत बसली तेव्हा ते हजारोंनी होते. गोवर, फ्लू, सिफिलिस, दारू. १९६१ च्या जनगणनेत उरले १९.

आणि आता ग्रेट निकोबार. तिथल्या जंगलात राहणाऱ्या शोंपेन जमातीची संख्या २०११ च्या जनगणनेत २२९. त्याच बेटावर गलाथियाच्या उपसागरात कंटेनर बंदर, शिवाय विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर येणार, त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल दिलं जाणार. कोकचा कॅन ठेवणारा गुन्हेगार आणि हा राष्ट्रीय प्रकल्प. बंदर देशाला हवं की नको यावर वाद होऊ शकतो, संरक्षणाचे मुद्देही खोटे नाहीत. पण हजारो माणसं आणून वसवली की रोग काही ओळखपत्र बघून थांबत नाहीत.

तिथली दुसरी जमात निकोबारी, त्यांच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पाला आधी दिलेलं ना-हरकत प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतलं. त्यांना निदान पत्र लिहिता आलं. शोंपेनांना कुणी विचारलं, कोणत्या भाषेत विचारलं, आणि ते काय म्हणाले? माहीत असेल त्याने कमेंटमध्ये लिहा. "विकास नको का?" असं विचारायला येणाऱ्यांनी आधी एवढ्याचं उत्तर द्यावं.