लघवीतल्या प्रोटीनच्या गोळ्या बंद करा म्हणणारा तो मेसेज, मुद्द्यामुद्द्याने

‘लघवीतून प्रोटीन जातंय? मग डॉक्टरांच्या गोळ्यांपासून लांब राहा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फॅमिली ग्रुप, सोसायटीचे ग्रुप सगळीकडे फिरतोय. त्यात पाच गोष्टी म्हटल्यात. बीपी नसताना बीपीची गोळी देतात, ती घेतली की क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळायला लागली की याचा आकडा चढतो) वाढतं म्हणजे गोळीच किडनी खाते, गोळीने फक्त रिपोर्टमधला आकडा सुधारतो आणि तोही कंपन्यांनी बनवलेला, आता तर शुगर नसलेल्यांनाही शुगरची गोळी देतात, आणि शेवटी, चाळीस दिवस अमुक काढा घ्या, प्रोटीन शून्य होतं. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी हे वाचून टेल्मिसार्टन परस्पर बंद केली, डॉक्टरांना सांगितलं पण नाही, म्हणून मी हे लिहायला बसलेय.

पहिला मुद्दा, बीपी नसताना बीपीची गोळी. प्रिल आणि सार्टनवाल्या गोळ्या, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, या आल्या बीपीसाठी हे खरंय, पण किडनीत त्या अजून एक काम करतात. किडनीत रक्त गाळणारे लाखो बारीक गुच्छ असतात, प्रत्येकात एक नळी रक्त आत आणते आणि एक बाहेर नेते. अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन ही बाहेरची नळी आवळून धरतं, त्यामुळे गुच्छाच्या आतला दाब वाढतो आणि प्रोटीन गळायला लागतं. ही गोळी ती नळी सैल करते. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी १२०/८० असलं तरी आतला दाब जास्त असू शकतो, तो पट्ट्याला दिसत नाही.

आणि हे नुसतं थिअरीत नाही. १९९३ साली अमेरिकेत एडमंड लुईस यांच्या टीमने टाइप १ डायबेटिस असलेल्या ४०९ लोकांवर कॅप्टोप्रिलची ट्रायल छापली. सगळ्यांच्या लघवीतून दिवसाला निदान अर्धा ग्रॅम प्रोटीन जात होतं. निम्म्यांना कॅप्टोप्रिल, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी म्हणजे प्लासिबो, आणि बीपी दोन्हीकडे इतर औषधांनी आटोक्यात ठेवलं. क्रिएटिनिन दुप्पट झालं ते कॅप्टोप्रिलवाल्या २०७ मधल्या २५ जणांचं आणि प्लासिबोवाल्या २०२ मधल्या ४३ जणांचं. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलणं यापैकी काहीतरी झालेले इकडे २३, तिकडे ४२. नंतर २००१ मध्ये टाइप २ डायबेटिसच्या १,७१५ पेशंटवर इर्बेसार्टनची ट्रायल आली, त्यात तिची तुलना प्लासिबोशी तर होतीच शिवाय अॅम्लोडिपिनशी पण होती, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असते ती अॅम्लो. दोन्ही औषधांनी बीपी जवळपास सारखंच उतरलं, तरी किडनी बिघडणं किंवा मृत्यू यांचा मिळून धोका इर्बेसार्टनवाल्यांमध्ये अॅम्लोपेक्षा २३ टक्क्यांनी कमी निघाला. फायदा फक्त बीपी उतरल्याचा असता तर हा फरक आलाच नसता.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूने. प्रोटीन जात नाही, बीपी नॉर्मल, किडनी नीट, अशा डायबेटिसच्या माणसाला ही गोळी आधीपासून द्यावी का? तर २००९ साली टाइप १ च्या २८५ लोकांवर, किडनीची बायोप्सी करून, नेमकं हेच तपासलं गेलं आणि किडनीला फायदा दिसला नाही. म्हणजे ‘बीपी नाही मग गोळी कशाला’ हा प्रश्न चुकीचा नाहीये, त्याचं उत्तर लघवीच्या रिपोर्टमध्ये असतं.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त घाबरवणारा आहे, क्रिएटिनिनचा. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, हे खोटं नाही. आतला दाब उतरला की गाळण्याचा वेग थोडा कमी होतो, त्यामुळे आकडा जरा चढतो, आणि पुढे किडनी टिकते ती याच कमी दाबामुळे. जगभरचे किडनीचे डॉक्टर वापरतात त्या गाइडलाइनमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की चार आठवड्यांत वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू ठेवा, त्यापेक्षा जास्त असेल तर कारण शोधा. म्हणूनच गोळी सुरू केली किंवा डोस वाढवला की दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ती तपासणी टाळू नका.

‘गोळी बंद केली की किडनी सुधारते’ हेही कुणी तपासलं नाही असं नाही. आधी काही छोट्या अभ्यासांवरून असं वाटलं होतं खरं, म्हणून ब्रिटनमध्ये सरकारी पैशांतून त्यावर रीतसर ट्रायल झाली, हल शहरातले डॉ. सुनील भंडारी तिचे प्रमुख. किडनी आधीच खूप खराब झालेले, म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाजे आकडा, जितका कमी तितकी किडनी खराब) ३० च्या खाली असलेले ४११ पेशंट घेतले, निम्म्यांच्या या गोळ्या बंद केल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. २०२२ मध्ये निकाल आला. तीन वर्षांनंतर बंद केलेल्यांचा सरासरी ईजीएफआर १२.६, चालू ठेवलेल्यांचा १३.३. किडनी पूर्ण निकामी होणं किंवा डायलिसिस लागणं, बंद केलेल्यांत ६२ टक्के, चालू ठेवलेल्यांत ५६ टक्के. हा फरक योगायोगाने पण येऊ शकतो एवढाच आहे, त्यामुळे बंद केल्याने नुकसान झालं असं मी म्हणणार नाही, पण सुधारणा? ती दिसलीच नाही.

तिसरा मुद्दा, फक्त रिपोर्ट सुधारतो आणि आकडे कंपन्यांचे. बऱ्याच ट्रायलना कंपन्यांचा पैसा असतो, हे लपवण्यासारखं नाही आणि शंका घेणं योग्यच आहे. पण मग या ट्रायलमध्ये काय काय झालं तेही बघा ना. २००८ साली छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये २५ हजारांहून जास्त लोकांवर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि दोन्ही एकत्र असं तपासलं, पैसा टेल्मिसार्टन बनवणाऱ्या कंपनीचा. दोन्ही एकत्र दिल्यावर लघवीतलं प्रोटीन जास्त कमी झालं, म्हणजे रिपोर्ट छान, पण डायलिसिस, क्रिएटिनिन दुप्पट होणं आणि मृत्यू मिळून मोजले तर ते जास्त भरले, आणि हा निकाल तसाच छापला गेला. पुढे अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमध्ये लोसार्टन आणि लिसिनोप्रिल एकत्र देऊन बघितलं, ती ट्रायल मधेच थांबवली, पोटॅशियम वाढत होतं, किडनीला अचानक फटका बसत होता. अॅलिस्किरेन नावाचं औषध प्रिल-सार्टनच्या जोडीला देऊन बघितलं, त्याचंही तसंच झालं, प्रोटीन कमी व्हायचं पण डायबेटिसवाल्यांवरची मोठी ट्रायल आधीच बंद करावी लागली. नुसत्या रिपोर्टवर भागलं असतं तर या सगळ्या जोड्या पास झाल्या असत्या! त्या नापास झाल्या कारण मोजलं गेलं ते डायलिसिस आणि मृत्यू. आज कुठलाही शहाणा डॉक्टर प्रिल आणि सार्टन एकत्र देत नाही ते याच ट्रायलमुळे.

चौथा मुद्दा, शुगर नसताना शुगरची गोळी. डापाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये तिची ४,३०४ लोकांवरची ट्रायल आली, सगळ्यांना प्रोटीन जात होतं आणि साधारण एक तृतीयांश लोकांना डायबेटिस नव्हता. किडनी बरीच बिघडणं, निकामी होणं, किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू हे सगळं धरून प्लासिबोवाल्यांत १४.५ टक्के, गोळीवाल्यांत ९.२ टक्के, तेही सरासरी अडीच वर्षांच्या आत आणि बहुतेकांची प्रिल-सार्टन आधीच चालू असताना. डायबेटिस नसलेल्यांनाही फायदा तसाच मिळाला, आणि त्यांची शुगर धोकादायक खाली गेल्याची एकही केस नव्हती. धंद्याचं म्हणाल तर लोसार्टन, रॅमिप्रिल कधीच्याच जेनेरिक आहेत, डापाग्लिफ्लोझिनही आता बऱ्याच भारतीय कंपन्या बनवतात, तिच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये संपलं. महागडा ब्रँड लिहून दिला असेल तर जेनेरिक चालेल का असं सरळ विचारा.

पाचवा, चाळीस दिवसांचा काढा. मला काढ्याचा राग नाही, पण ‘अमक्याचं प्रोटीन शून्य झालं’ हा पुरावा होत नाही आणि का होत नाही ते समजून घ्या. पट्टीवरच्या टेस्टमध्ये तापात, इन्फेक्शनमध्ये, खूप व्यायामानंतर प्रोटीन दिसतं आणि मग आपोआप जातं. मेम्ब्रेनस नावाच्या किडनीच्या आजारात (यात त्या गाळणाऱ्या गुच्छांतून प्रोटीन गळतं) तर साधारण तीनातल्या एका पेशंटची गळती विशेष औषधाशिवायच थांबते. लहान मुलांना सूज येऊन प्रोटीन जातं तो बहुतेक वेळा वेगळाच आजार, तो स्टिरॉइडला चांगलं ऐकतो, तिथे काढ्यात वेळ घालवणं म्हणजे पोराचे हाल. कोण आपोआप बरं झालं आणि कोण औषधाने, हे प्लासिबो गटाशिवाय कळतच नाही. काढ्याचीही अशी ट्रायल करता येते, भारतात त्यासाठी सरकारी रजिस्ट्री आहे.

उलट धोक्याचा पुरावा मात्र आहे. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मेम्ब्रेनसचे असे पेशंट नोंदवले जे पारंपरिक औषधं घेत होते, त्या औषधांत पारा सापडला आणि ती बंद केल्यावर बऱ्याच जणांची गळती थांबली. नंतर केरळमधून गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळेही तसंच झाल्याचं आलं. त्यामुळे लेबल नसलेली पुडी, चूर्ण, क्रीम काहीही वापरत असाल तर डॉक्टरांना पुडीसकट दाखवा.

आणि गोळी थांबवायच्या खऱ्या वेळा असतात, त्या या मेसेजमध्ये कुठेच नाहीत. प्रिल आणि सार्टन गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला धोका असतो, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यायची. जोरात उलट्या-जुलाब होतायत, पाणी पोटात टिकत नाहीये, तर लगेच फोन करून विचारा, बहुतेक वेळा या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही थोडे दिवस थांबवायला सांगतात, आणि जेवणखाण सुरळीत झालं की परत सुरू करायच्या असतात. रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागला तर सांगा, सार्टनवर बदलून देतात. आणि ओठ, जीभ, चेहरा सुजला तर पुढची गोळी न घेता सरळ हॉस्पिटल गाठायचं.